आपल्या टेबलावरचं साहस छापायचं असेल तर: इंदूरच्या नव्या आरपीजी मंडळींसाठी लायसन्सची माहिती

इंदुरात एखादा नवा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांच्या साथीने गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, खेळायला बसला, की दोन-तीन रविवारांत कोणीतरी विचारतंच, "ते लायसन्सचं काहीतरी झालं होतं ना? मग आपण हे खेळतोय ते चालतं का?" राजेंद्रनगरच्या फ्लॅटमध्ये, रामबागेतल्या जुन्या घराच्या माडीवर, होस्टेलच्या खोलीत, जिथे जिथे नव्या मुलामुलींच्या हाती फासे देतो तिथे हा प्रश्न येतो, आणि त्यामागची भीती खरी असते. अर्धवट कानावर आलेलं असतं: कंपनीने सगळं परत घेतलं, आता पैसे मागणार, मराठीत काही लिहिलं तर नोटीस येणार.

तर आधी उत्तर. खेळायला कोणाचंही लायसन्स लागत नाही. पुस्तक विकत घेतलंत किंवा अधिकृतपणे फुकट दिलेलं उतरवून घेतलंत, चार मित्र जमवले, की झालं. लायसन्सचा प्रश्न येतो तो पुढे, आपण रचलेलं साहस, म्हणजे टेबलावर खेळवायची गोष्ट, पीडीएफ करून वाटावंसं वाटतं तेव्हा, त्याच्या प्रती काढून विकाव्याशा वाटतात तेव्हा, नियमांचा मराठी अनुवाद करायची हुक्की येते तेव्हा. आणि माझं ठाम मत आहे, की मराठीत असं साहित्य करायला आजच्याइतकी मोकळी वाट आधी कधीच नव्हती. ती कशी मोकळी झाली आणि तिच्यावरून कसं जायचं ते क्रमाने सांगतो.

कशावर कोणाचा हक्क

खेळाचा नियम वेगळा आणि नियमाचा मजकूर वेगळा. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात आपल्या पात्राचा बोनस मिळवा, बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त आली तर वार लागला. ही झाली पद्धत, आणि पद्धतीवर कॉपीराइट नसतो. ती पद्धत समजावणारे परिच्छेद, उदाहरणं, चित्रं यांवर मात्र असतो. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा लागू आहे. कल्पना सगळ्यांची, मांडणी ज्याची त्याची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलं. तो वाद नाटक आणि सिनेमाचा होता, पण आपल्या कामाला तेच तत्त्व लागतं. तिसरी गोष्ट नावांची: "डंजन्स अँड ड्रॅगन्स" हे नाव आणि त्याचा लोगो ट्रेडमार्क आहे. तुम्ही आतला मजकूर कितीही स्वतःच्या शब्दांत लिहिला तरी मुखपृष्ठावर तो लोगो लावता येत नाही.

मग लायसन्स हवंच कशाला? कारण पद्धत कुठे संपते आणि मांडणी कुठे सुरू होते, ही रेघ फार पुसट आहे. एखाद्या मंत्राचं दोन ओळींचं वर्णन घ्या. त्यात नियम किती आणि लेखन किती हे कोण ठरवणार? कोर्ट. आणि कोर्टात जायला लागणारा पैसा आणि वेळ हौसेने लिहिणाऱ्याकडे नसतो. लायसन्स म्हणजे मालकाने दिलेला लेखी शब्द: एवढ्या अटी पाळा, मी तुमच्यामागे लागणार नाही. त्यामुळे कुठलंही लायसन्स हातात आलं की आधी एकच गोष्ट शोधायची. हा शब्द मालकाला मागे घेता येतो का?

तो शब्द कसा मिळाला आणि कसा डळमळला

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण आज दुकानात आणि नेटवर जी वेगवेगळी नावं दिसून गोंधळ होतो, तो सगळा यातून सुटतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये टीएसआर कंपनीकडून आला. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि १९९९ मध्ये हॅसब्रोने विझार्ड्स. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा विझार्ड्सने तिच्यासोबत ओपन गेम लायसन्स आणलं, ज्याला सगळे ओजीएल म्हणतात. त्यामागे रायन डॅन्सी यांचा आग्रह होता. हिशेब सरळ होता: आपल्या नियमांवर जितके लोक साहसं लिहितील तितकी आपली मूळ पुस्तकं खपतील. नियमांचा गाभा सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे एसआरडी, या नावाने फुकट दिला गेला. तो कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, कंपनीला पैसा देऊ नये.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली ती बऱ्याच कडक अटींच्या वेगळ्या लायसन्सखाली, आणि ते लायसन्स कंपनीला हवं तेव्हा बदलता येत होतं. पायझो या प्रकाशनाने ते नाकारलं, जुन्या ३.५ आवृत्तीचा (तिसरीच्याच सुधारित रूपाचा) खुला मजकूर घेतला आणि २००९ मध्ये पाथफाइंडर हा स्वतःचा खेळ काढला. ओजीएलचं मोल तेव्हा कळलं. कंपनी पुढे निघून गेली तरी जुन्या नियमांवर प्रेम करणारे खेळाडू पोरके झाले नाहीत. पाचवी आवृत्ती २०१४ ची. २०१६ मध्ये तिची एसआरडी पुन्हा ओजीएलखालीच आली.

मग जानेवारी २०२३. ५ तारखेला गिझमोडो या बातम्यांच्या साइटवर लिंडा कोडेगा यांनी बातमी दिली, की ओजीएलची १.१ ही नवी आवृत्ती येते आहे आणि तिचा मसुदा फुटला आहे. त्यात वर्षाला ७,५०,००० डॉलरच्या वर विक्री गेली तर वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती. आपल्यासारख्यांना त्या आकड्याने काही फरक पडत नव्हता. पडत होता तो दुसऱ्या कलमाने: जुनं १.०ए लायसन्स यापुढे "अधिकृत" राहणार नाही. ओजीएलच्या नवव्या कलमात लिहिलं होतं, की लायसन्सची कोणतीही अधिकृत आवृत्ती वापरता येईल. लायसन्स कायमचं आहे असंही त्यात होतं, पण ते मागे घेता येणार नाही असे शब्द कुठेच नव्हते. तेवीस वर्षं सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं. डॅन्सी यांनीही तेव्हा जाहीरपणे सांगितलं, की मागे घेता यावं असा हेतू कधीच नव्हता. पण हेतू कागदावर उतरलेला नव्हता.

पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं ते हौशी लोकांनी केलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. खेळाडूंनी डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत साइटची वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. १२ जानेवारीला पायझोने कोणत्याच कंपनीच्या मालकीचं नसेल असं नवं लायसन्स आणण्याची घोषणा केली आणि कोबोल्ड प्रेस, केऑसियम यांसारखी प्रकाशनं सोबत उभी राहिली. १९ तारखेला विझार्ड्सने १.२ चा मसुदा काढून लोकांची मतं मागवली. त्याच्याबरोबर ऑनलाइन टेबलांसाठी एक धोरण होतं, आणि त्यात मॅजिक मिसाइल या मंत्राचा बाण पडद्यावर सरसरत जाताना दाखवला तर ते टेबलटॉप राहत नाही, असं उदाहरण दिलेलं होतं. इतक्या बारीक गोष्टीपर्यंत हात पोचणार असेल तर उद्या काय, हे लोकांना त्या एका उदाहरणातून कळलं. १५,००० हून जास्त उत्तरं आली. ८८ टक्के लोकांनी सांगितलं की या लायसन्सखाली आम्ही काही प्रसिद्ध करणार नाही. २७ जानेवारीला विझार्ड्सने माघार घेतली: ओजीएल १.०ए जसं आहे तसं राहील, आणि पाचव्या आवृत्तीची एसआरडी ५.१ संपूर्ण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (कोणालाही वापरता येणाऱ्या तयार लायसन्सांच्या) सीसी बाय ४.० लायसन्सखाली, म्हणजे श्रेय द्या आणि वापरा या अटीवर, खुली. या लायसन्सच्या मजकुरात, ते मागे घेता येणार नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्यासाठी खरा बदल तो.

तरीही विश्वास तुटायचा तो तुटला होता. बेसिक फँटसी हा स्वयंसेवकांनी चालवलेला, फुकट मिळणारा खेळ बघा. त्यांनी आपल्या पुस्तकांतून एसआरडीचा मजकूर वेचून काढला, नव्याने लिहिला आणि २०२३ मध्येच चौथी आवृत्ती सीसी बाय एसए ४.० या क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच दुसऱ्या लायसन्सखाली आणली. हे काम करणाऱ्यांना त्याचा एक पैसा मिळत नव्हता. पाथफाइंडरनेही नोव्हेंबर २०२३ पासून सुधारित पुस्तकं काढली; त्यातून चांगले-वाईट स्वभावाचे नऊ प्रकार गेले, मॅजिक मिसाइलचं नाव फोर्स बराज झालं. कोबोल्ड प्रेसने टेल्स ऑफ द व्हॅलियंट हा स्वतःचा खेळ २०२४ मध्ये आणला. त्यामुळे तीन पुस्तकांत जवळपास सारखे नियम आणि वेगळी नावं दिसली तर घाबरू नका, कारण हे आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये विझार्ड्सने २०२४ च्या नव्या नियमांची एसआरडी ५.२ सुद्धा सीसी बाय ४.० खालीच दिली.

पहिली पायरी: पैसे न घालता खेळून बघा

लगेच महागडी आयात पुस्तकं घेऊ नका. एसआरडी ५.१ किंवा ५.२ उतरवून घ्या, ५.१ चारशेहून जास्त पानांची आहे आणि तिच्यावर महिनोन्‌महिने खेळता येतं. त्यात प्रत्येक क्लासची (पात्राच्या पेशाची) एकेकच उपशाखा असते, चित्रं नसतात, वाचायला रुक्ष आहे, पण नियम पूर्ण आहेत. इतकं मोठं नको असेल तर केर्न घ्या: छोटंसं पुस्तक, फुकट, सीसी बाय एसए ४.०. नव्या गटाला मी बहुतेक वेळा हेच सुचवतो, कारण पात्र दहा-पंधरा मिनिटांत तयार होतं आणि मुलं लगेच खेळायला लागतात. अजून गट जमला नसेल तर आयर्नस्वॉर्न एकट्यालाही खेळता येतो आणि त्याची पीडीएफ फुकट आहे.

छापील प्रत हवी असेल तर खजुरी बाजारात प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या पुस्तकांना ही परवानगी आहेच. दुकानदाराने विचारलं तर लायसन्सचं पान दाखवा. विकत मिळणाऱ्या पुस्तकाची टेलिग्रामवरून आलेली पीडीएफ मात्र छापायला देऊ नका. फुकट आणि कायदेशीर एवढं उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

डिजिटल पुस्तक घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ऑगस्ट २०२४ मध्ये डी अँड डी बियाँडने जाहीर केलं होतं, की लोकांच्या चालू कॅरेक्टर शीटमधले (पात्राच्या माहितीच्या पानावरचे) जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू २०२४ च्या नियमांप्रमाणे बदलतील. ओरड झाली आणि ते मागे घेतलं गेलं. तरी दुसऱ्याच्या सर्व्हरवर असलेलं आपलं पात्र कागदावर उतरवून ठेवावं. शीटची प्रिंट काढायला फार तर पाच रुपये लागतात.

दुसरी पायरी: पाया निवडा

लिहायचं ठरलं की कशाच्या आधारावर लिहिणार ते आधी ठरवा. नंतर बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा लिहिणं.

बहुतेक नव्या माणसाने एसआरडी ५.१ किंवा ५.२ आणि सीसी बाय ४.० घ्यावं. मजकूर उचला, बदला, मराठीत आणा, विका. अट श्रेय देण्याची. चुकून श्रेय द्यायचं राहिलं तर परवानगी संपते, पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर ती आपोआप परत मिळते. 

सीसी बाय एसए, म्हणजे केर्न आणि बेसिक फँटसीचं लायसन्स, यात एक अट जास्त: त्यावर आधारलेलं तुमचं कामही त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं. मला ही अट आवडते. आपण घेतलं ते पुढच्याला मिळालं पाहिजे. पण साहस विकून त्याचे सगळे हक्क स्वतःकडे ठेवायचे असतील तर हे लायसन्स तुमच्यासाठी नाही.

ओआरसी, ज्याला सगळे ऑर्क म्हणतात, म्हणजे पायझोने घोषणा केलेलं ते नवं लायसन्स, २०२३ च्या मध्यावर तयार झालं. ते मागे घेता येत नाही, आणि त्यात नियम आपोआप खुले होतात तर गोष्ट, पात्रं, नावं तुमची राखीव राहतात. सुधारित पाथफाइंडर आणि केऑसियमचं बेसिक रोलप्लेइंग यावर लिहायचं तर हे वापरा.

ओजीएल १.०ए अजून चालू आहे, पण ते फक्त गरज असेल तरच, म्हणजे ३.५ आवृत्तीचा किंवा जुन्या पाथफाइंडरचा मजकूर हवा असेल तर. प्रत्येक प्रतीत पूर्ण लायसन्स छापावं लागतं, पंधराव्या कलमात आधीच्या सगळ्या कॉपीराइट ओळी साखळीने द्याव्या लागतात, खुलं काय आणि राखीव काय हे स्पष्ट दाखवावं लागतं, आणि दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं नाव घेऊन "याच्याशी जुळतं" असंही वेगळ्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही. नवख्याने या जंजाळात पडू नये.

विझार्ड्सची स्वतःची जगं, उदाहरणार्थ फरगॉटन रेल्म्स, वापरायची असतील तर डीएम्स गिल्ड ही विक्रीची साइट आहे. तिथे विक्रीचे ५० टक्के लेखकाला मिळतात, पण ते साहस दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. आणि नुसतं चाहत्याच्या हौसेने, पूर्ण फुकट, काही करायचं असेल तर विझार्ड्सचं फॅन कंटेंट धोरण आहे. ते धोरण आहे, कायमचा लेखी शब्द नव्हे. आयुष्यभराचं काम त्यावर उभं करू नका.

आणि या सगळ्यांची भेळ करू नका. ओजीएलखालचा राक्षस आणि सीसी बाय एसएखालचे नियम एका पुस्तकात आले की दोन्हीकडच्या अटी एकमेकांना अडतात. एक पुस्तक, एक पाया.

तिसरी पायरी: नावं तपासा

समजा, तुम्ही "राजवाड्याचा सातवा मजला" असं साहस लिहिताय. कल्पना चांगली आहे: खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, १९८४ च्या आगीचा इतिहास, आणि वरती काहीतरी अजून वावरतंय. आता वर काय ठेवायचं? एसआरडी उघडा. आउलबेअर हा राक्षस त्यात आहे: आर्मर क्लास १३, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ५९. बिनधास्त ठेवा, आकडे जसेच्या तसे छापा. बिहोल्डर किंवा माइंड फ्लेअर ठेवायचा असेल तर थांबा. त्यांचे राक्षस म्हणून आकडे एसआरडीत नाहीत, आणि विझार्ड्स ते आपले खास मानते. मोठा डोळा असलेला तरंगता गोळा तुम्हाला हवाच असेल तर स्वतःचा घडवा, स्वतःचं नाव द्या, स्वतःचे आकडे मांडा.

मंत्रांतही हेच. छापील पुस्तकात ज्यांच्यामागे जादूगारांची नावं असतात, ते मंत्र एसआरडीत त्या नावांशिवाय आहेत. बिग्बीज हँड तिथे आर्केन हँड आहे, मेल्फ्स ॲसिड ॲरो नुसता ॲसिड ॲरो. आपल्या आठवणीत छापील पुस्तकातलं नाव पक्कं बसलेलं असतं, म्हणून आठवणीवर लिहू नका. प्रत्येक राक्षस, मंत्र, वस्तू एसआरडीत शोधा आणि सापडली त्या पानाचा नंबर आपल्या हस्तलिखिताच्या समासात लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यावरच सगळं अवलंबून आहे.

खरं तर आपल्याला बाहेरच्या राक्षसांची इतकी गरजही नाही. वेताळ, मुंजा, खवीस, हडळ, ब्रह्मराक्षस यांच्यावर कोणाचा हक्क नाही. एसआरडी ५.१ मध्ये राक्षस या नावाचाच एक प्राणी आहे, चांगला तगडा, ११० हिट पॉइंटचा. त्यांच्या चित्रांत तो वाघाच्या तोंडाचा असतो. आजीच्या गोष्टीतला राक्षस तसा नसतो. सीसी बायमध्ये बदल करण्याची मुभा आहे, तर करा बदल. लोककथा मोकळी आहे, पण एखाद्या लेखकाने पुस्तकात ती ज्या शब्दांत सांगितली ते शब्द मोकळे नसतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट चालतो. गोष्ट ऐकलेली घ्या, शब्द आपले घाला.

होळकरांच्या इतिहासातल्या खऱ्या व्यक्तींबद्दल माझं मत वेगळं सांगतो, ते लायसन्सचं नाही. अहिल्यादेवींना आकडे देऊन लढाईत उतरवू नका. त्यांच्या काळातलं महेश्वर घ्या, त्यांच्या कारभारातला एक तंटा घ्या, त्यांच्या नावाने आलेलं एक पत्र पात्रांच्या हाती द्या. साहस जास्त चांगलं होतं आणि कोणाचं मन दुखत नाही.

चौथी पायरी: श्रेयाचं पान

एसआरडीच्या सुरुवातीला विझार्ड्सने श्रेयाचं वाक्य इंग्रजीत तयार करून दिलं आहे. ते अक्षरशः जसंच्या तसं उतरवा, मराठीत करू नका. त्याखाली मराठीत एक ओळ घाला: "या पुस्तकातील नियमांचा भाग वरील दस्तऐवजावरून मराठीत आणला असून त्यात बदल केले आहेत." बदल केले हे सांगणं सीसी बायची अटच आहे. याव्यतिरिक्त विझार्ड्सचं नाव कुठेही घेऊ नका, मुखपृष्ठावर तर मुळीच नाही. "५ई कम्पॅटिबल", म्हणजे पाचव्या आवृत्तीशी जुळणारं, असं लिहायला त्यांनी स्वतःच परवानगी दिली आहे, तेवढं पुरतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

त्याच पानावर तुमचं स्वतःचं लायसन्सही लिहा. एसआरडी सीसी बाय असली तरी तुमची गोष्ट, पात्रं, नकाशे तुमचेच. ते खुले करायचे की राखीव ठेवायचे हे तुम्ही ठरवा. मी सुचवेन, की मराठीत केलेले नियम सीसी बायखाली पूर्ण खुले द्या. एसआरडीचे अधिकृत अनुवाद २०२३ मध्ये फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये आले. मराठीत ते काम आपल्यालाच करायचं आहे, आणि प्रत्येक गटाने सेव्हिंग थ्रोचं (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाचं) प्रकरण पहिल्यापासून अनुवादत बसण्यात अर्थ नाही. ग्वाल्हेरचा किंवा बडोद्याचा गट तुमच्या अनुवादावर पुढचं बांधू शकेल, असं द्या.

पाचवी पायरी: माणसांचं लेखी घ्या

मोठ्या कंपनीच्या लायसन्सची सगळे काळजी करतात आणि आपल्याच टेबलावरचं विसरतात. तुमच्या मोहिमेत, म्हणजे अनेक रविवार चाललेल्या खेळात, मैत्रिणीने रंगवलेली चोर, तिचं नाव, तिची पूर्वकथा, तिचे लक्षात राहिलेले संवाद, हे तिचं लेखन आहे. साहसात ते घालायचं तर तिला विचारा आणि व्हॉट्सॲपवर का होईना, स्पष्ट शब्दांत लिहून घ्या: काय वापरणार, विकणार की फुकट देणार, तिचं नाव कुठे छापणार. मैत्री आहे म्हणून हे टाळू नका. मैत्री आहे म्हणूनच आधी करा.

चित्रकाराच्या बाबतीत साध्या मेसेजवर भागवू नका, एक पानी करार करा. कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तुम्ही नेटवर जगभर पीडीएफ विकताय आणि करारात प्रदेशाचा उल्लेखच नाही, तर भारताबाहेरचा हक्क तुमच्याकडे आलेलाच नाही. करारात पाच गोष्टी हव्यात: कोणतं चित्र, कशासाठी, किती काळ, कुठे कुठे, किती पैसे. चित्रकाराला पैसे द्या, वेळेवर द्या. "नाव होईल" हा मोबदला नव्हे.

नकाशाबद्दल थोडक्यात. गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट पुस्तकात छापू नका. राजवाडा, कृष्णपुरा छत्र्या, सराफा हा परिसर हवा असेल तर ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा वापरा आणि नकाशाखाली त्याच्या योगदात्यांचं श्रेय द्या. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी गर्दी व्हायच्या आत स्वतः फिरा आणि वहीत हाताने काढा. कुठल्या बोळातून छत्र्यांच्या मागे निघता येतं हे मोबाइलवर कळत नाही, आणि हाताने काढलेला नकाशा पूर्णपणे तुमचा.

सहावी पायरी: वाटा किंवा विका

पहिलं साहस वीस पानांच्या आत ठेवा. आधी दुसऱ्या गटाला खेळवायला द्या, आणि ते खेळवताना तुम्ही तिथे हजर राहू नका. जे वाक्य तुम्हाला समजावून सांगावं लागलं असतं ते कागदावर नाही, हे लगेच उघड होतं. मग पीडीएफ इच.आयओ किंवा ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्रीच्या साइटवर ठेवा. इच.आयओवर "हवे तेवढे द्या" अशी किंमत ठेवता येते. सुरुवातीला तीच बरी. डॉलरमध्ये पैसे यायला लागले की ते उत्पन्न आहे, सीएला दाखवा.

छापील प्रत काढायची तर आधी मोजक्याच काढा. पानांच्या शेवटी श्रेयाचं पान आहे ना, हे प्रेसला फाइल देण्याआधी एकदा बघा. मांडणी करताना "हे इंग्रजी कशाला" म्हणून ते उडवलं जातं.

आणि एक फोल्डर करा. ज्या दिवशी काम सुरू केलं त्या दिवशीची एसआरडीची पीडीएफ, लायसन्सचा पूर्ण मजकूर, चित्रकाराचा करार, खेळाडूंचे होकाराचे मेसेज, समासात पान नंबर लिहिलेलं हस्तलिखित, सगळं तारखेसह त्यात ठेवा, आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर. कंपनीने उद्या तिच्या साइटवरून पीडीएफ काढून टाकली तरी तुम्हाला मिळालेली सीसी बायची परवानगी जात नाही. ती कोणत्या मजकुरासाठी मिळाली होती हे दाखवायला हा फोल्डर लागतो. पुढे नवी एसआरडी आली तर लगेच जुनं काम बदलायला घेऊ नका. ५.१ वर सुरू केलेलं ५.१ वरच पूर्ण करा, आणि पुढच्या साहसाच्या वेळी नवी वाचून ठरवा.